वडप्याचा सीआयडी

भात झोडून दमल्या की अंजूरच्या बायका खळ्यावर पाय पसरून बसत, पदरानं मानेवरचा भुसा झटकत आणि म्हणत, “तुळजे, काढ गो तुजा तो मेला हेर.”

तुळजा दामूची थोरली पोर. सातवी झालेली, आणि आता रोज एस्टीनं भिवंडीला, धामणकर नाक्यावर महमूदशेठच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाणारी. शेठची माजिदा तिच्याच वयाची. माजिदाकडे भाड्यानं आणलेल्या रहस्यकथा असत, पिवळट कागदाच्या, कोपरे दुमडलेल्या, वर कोटाची कॉलर उभी केलेला माणूस. तिचं वाचून झालं की पुस्तक तुळजाच्या डब्याच्या पिशवीत बसून खाडीकाठी येई आणि खळ्यावर मोठ्यानं वाचलं जाई.

हेर विमानातून उतरे. नाव दुसरं, पासपोर्ट दुसरा, मिशीसुद्धा दुसरी.

“आन ह्यो जेवतो कवा?” शेजारची बायजाबाई विचारी.

“हॉटेलात.”

“आयस न्हाय त्याला?”

“पुस्तकात न्हाय दाखवली.”

“मंग बराय. आयस असती तर पयल्याच पानावर पकडला असता. ‘किती सुकलास रं माज्या राजा’ म्हनून विमानतळावरच गळ्यात पडली असती.”

बायका हसत, पेंढ्यांवर लोळत. आणि हसू ओसरलं की पुन्हा पुढे सरकून बसत. खाडीपलीकडचा बाजारही ज्यांनी मोजक्याच वेळा पाहिला होता, त्या बायकांना त्या परदेशी माणसाचं एवढं काय लागलं होतं, हे तुळजाला कळत नसे. स्वतःला काय लागलं होतं, हेही कळत नसे. तो दार उघडून अंधाऱ्या खोलीत शिरला की तिचाच श्वास अडके.

“ह्यात नवाल कसलं?” एकदा ठकूमावशी म्हणाली. ठकूमावशी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढं जिचे धवले गायल्याशिवाय एकही विधी हलत नाही, ती. गावोगावच्या मांडवांत गाऊन गाऊन तिचा आवाज तांब्याच्या हंड्यासारखा झाला होता, आत काही पडलं तरी घुमणारा. “नवरी काय येगळं करते? परक्या गावात एकलीच जाते. नाव बदलतात तिचं. कोन आपला, कोन परका, तोंड मिटून वळखायचं. मनातलं मनात ठेवायचं. तुजा हेर काम झालं की घरला परत येतो गो. आपून येतो का?”

खळ्यावरून वारा गेला, भुसा उडाला.

“वाच पुढं,” बायजाबाई म्हणाली.

ते आणीबाणीचं साल होतं, शहात्तरचा मार्गशीर्ष. माणसं खालच्या आवाजात बोलत होती. आणि त्याच मार्गशीर्षात तुळजाला वडप्याचं स्थळ आलं.

मुलाचं नाव केसरीनाथ. बाप नाही, आई हौसाबाई. थोडी भातशेती, आणि मुलगा भिवंडीत ड्युटीला. कसली ड्युटी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आज तो नाक्यावर दिसे, उद्या कुठल्या जत्रेत, परवा कुणा अनोळख्याच्या लग्नात मांडवाच्या खांबाला टेकलेला. प्रश्न विचारत नसे. नुसता बघे. आणि त्याच्या खिशात भिंग होतं, रेशनच्या दुकानदारानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं पुरलं. केसरी सीआयडीत आहे, हे वडप्यात शेंबडं पोरही सांगे. फक्त सांगताना एकदा मागे वळून बघे.

दामूला हे कळलं तसा तो स्वतःच्या घरातही इकडेतिकडे बघून बोलू लागला.

“सीआयडी जावय,” तो चिलीम विसरून म्हणाला. “गावात कोन नजर वर करनार न्हाय आपल्याकडं.”

“आन बाबा, तो ओटीवर बसल्यावर तुमी काय बोलनार?” तुळजा म्हणाली. “रेडिओवर बातम्या लागल्या की तोंडाचा पट्टा सुटतो तुमचा.”

दामूचं तोंड उतरलं. “त्येबी हाय.” मग त्यानं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. “हे बघ पोरी. रविवारी सुपारी फोडायला येनार हायेत. एकदा सुपारी फुटली की शबूद फिरत न्हाय. हो का न्हाय, त्याच्याआदी सांग. तुज्या मनाबिगर मी करनार न्हाय.”

तुळजाला ‘हो’ म्हणावंसं वाटत होतं, आणि ते का वाटतंय याचीच तिला भीती वाटत होती. कॉलर उभी केलेला माणूस रोज आपल्या हातची भाकरी खाणार, या विचारानं अंगावर गोड काटा येई. आणि लगेच दुसरा काटा येई: जो सगळ्यांचं बघतो आणि स्वतःचं काही सांगत नाही, त्याच्या घरात जन्मभर काय बोलायचं? तिला बघायला त्याचे मामा आले होते. तो आलाच नव्हता. ड्युटीवर होता म्हणे.

“मावशी,” ती ठकूबाईला म्हणाली, “मला त्याला बघायचंय. त्यानं मला बघायच्या आदी.”

ठकूबाईनं पानाला चुना लावता लावता तिच्याकडे पाहिलं. “गुरवारी वडप्याला हळद हाय. त्याच्याच चुलत्याच्या घरात. तितली धवलारीन तापानं पडलीय, मला बोलवनं आलंय. मी धवल्याची वळ टाकली की मागनं झेलायला एक गळा लागतोच.” पान गालात सरकवून ती म्हणाली, “फक्त हसायचं न्हाय. हेर हसत न्हायत.”

हळदीला नेसायला पातळ माजिदानं दिलं. महमूदशेठच्या मागावर नुकताच एक नवा काठ उतरला होता. बारक्या मासोळ्यांचा, एक मासोळी वर निघालेली, एक खाली, जशी भरतीच्या वेळी खाडीत निघतात तशी. नमुन्याचं ते पहिलंच पातळ. बाजारानं अजून पाहिलं नव्हतं.

“अब्बाला ठाव न्हाय हां,” माजिदा म्हणाली. “भिवंडीत नेसून फिरू नको. एक काठ बाहेर पडला की आठ दिवसांत धा मागांवर चढतो. वडप्याला कोन बघनार हाय म्हना तुजे काठ.”

वडप्याच्या मांडवात गुरुवारी सकाळी उंबराची फांदी आली, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक भरला गेला आणि ठकूबाईनं पाटावर बसकण मारून गळा लावला. मागे डोक्यावरून पदर घेतलेली तुळजा.

मांडवाच्या दारी गो उंबराची फांदी,
फांदीला पानं किती गो, घराला नावं किती?
पयलं नाव सांगा गो, आज्याचं नाव सांगा…

इथे घरच्यांनी नावं सांगायची, असा रिवाज. नवऱ्याच्या आज्याचं, चुलत्यांचं, भावांचं. धवलारीण एकेक नाव ओळीत गुंफते आणि पितर आणि जितेजागते सगळे हळदीला जमतात. ठकूबाई थांबली. “सांगा हो, नवऱ्याच्या आज्याचं नाव?”

मांडवातले पुरुष एकमेकांकडे बघू लागले.

“सांगा ना. मेलेल्या मानसाला लाजायचं काय त्यात?”

“रामू,” कुणीतरी म्हणालं.

“चुलत्याचं?”

“रामू.”

“आन धाकल्या चुलत्याचं?”

पुरुषांत कुजबुज झाली. “त्योबी… रामूच.”

ठकूबाईनं आयुष्यात पुष्कळ घरं गायली होती. तिनं भुवई उचलली, पण गळा थांबवला नाही.

रामूच्या पोटी गो रामू जल्माला आला,
रामूच्या हळदीला गो रामूकाका आला…

“थांबव गो बाय!” कोपऱ्यातून नवऱ्याची आजी काठी आपटत उठली. “कोन ह्यो रामू? आमच्या घरात रामू नावाचा बैलबी न्हाय! माज्या धन्याला मरून इतकी वरसं झाली, त्याला आज रामू कोनी केला?”

मग उलगडलं. मागच्याच महिन्यात अशीच एक गोड आवाजाची बाई गावात येऊन गेली होती. घरात पुरुष किती, नावं काय, पोरं किती, असं हसतहसत विचारून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नसबंदीवाल्यांची जीप आली आणि वडप्याचे बापये धोतरं सावरत डोंगराकडे पळाले. तेव्हापासून नावं विचारणाऱ्या अनोळखी बाईला वडप्यात सगळे रामू होते.

“आमची धवलारीन आजारी कशी पडली बरोबर आजच?” एक चुलता पुढे आला. “आन ही मागची पोर कोन? मघापासनं समद्यांची तोंडं बघतेय एकेक.”

ते मात्र खरं होतं. पुस्तकात अशा वेळी हेर खिडकीतून उडी मारे. मांडवाला खिडकी नव्हती.

“मी अंजूरची ठकूबाय!” ठकूबाई कडाडली. “माज्या धवल्यांवर आर्धा तालुका नांदतोय. जीप कसली आनते मी? मी एस्टीनं उभी राहून आलेय!”

“कुनी पाटवलंय त्ये आता कळंल. केसरीला बोलवा रं. त्यो बघंल.”

गर्दी फाटली. तुळजानं मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेनंच त्याला येताना पाहिलं. पांढरा सदरा, झिजलेल्या चपला, किडकिडीत अंग. कॉलर उभी नव्हती, उलट एका बाजूला फाटून शिवलेली होती. तो समोर येऊन उभा राहिला. त्यानं ठकूबाईकडे बघितलं नाही. तुळजाच्या तोंडाकडेही बघितलं नाही. त्याचे डोळे तिच्या पदरावर टेकले आणि तिथंच राहिले.

तिला आधी राग आला. मग वाटलं, ही राग येण्यासारखी नजर नव्हे. पाण्यात गळ टाकून बसलेल्या माणसाची असते, तशी होती.

“पदर जरा… पुढं करा,” तो म्हणाला, आणि खिशातून त्यानं भिंग काढलं.

“भिंग काढलं! भिंग काढलं!” मांडवभर पसरलं. पोरं बाकड्यांवर चढली. केसरीनाथ वाकला. ते भिंग चौकोनी होतं, पितळी चौकटीतलं, घडी करून मिटणारं. असलं भिंग तुळजा रोज बघत होती. महमूदशेठ कापडावर ठेवून धागे मोजतात, ते असलंच.

काठ लपवायला तिनं झटक्यानं पदर उलटा केला.

“उलट्या बाजूनं तर समदं उघडं पडतं,” तो न राहवून हळूच म्हणाला. “धागं कुठनं सुटलं, कुठं धरलं…”

“ताना मोजताय का बाना?” तुळजा त्याच्याहून हळू म्हणाली.

केसरीनाथनं पहिल्यांदा वर पाहिलं. त्या एका क्षणात त्याचं सगळं तोंड उघड्या दारासारखं झालं: भीती, लाज, आणि त्यांच्याही मागे कुठंतरी सुटका. एवढी वर्षं त्याला कुणी असं पकडलं नव्हतं.

“केसरी, काय निघालं रं?” चुलत्यानं विचारलं.

सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता, आणि तो तिच्याकडे. तो एक शब्द बोलला असता तर दोघी धक्के खात एस्टीच्या थांब्यावर गेल्या असत्या. ती एक शब्द बोलली असती तर तो पुन्हा या गावात मान वर करून चालला नसता.

केसरीनाथनं भिंग मिटलं. “धवलारनी हायेत,” तो म्हणाला. “खऱ्या. खरी नावं सांगा त्यांना.”

सीआयडीनंच सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला. नावं अशी कोसळली की ठकूबाईला ओळी पुरेनात. आजीनं आपल्या धन्याचं, चांगदेवाचं, नाव धवल्यात ऐकलं आणि ती डोळे पुसत परत खाली बसली.

हळद लागली, जेवणाच्या पंगती बसल्या. मांडवामागं पाण्याचे हंडे मांडले होते, तिथं तुळजा तांब्या भरायला गेली आणि तो मागोमाग आला. चार हातांवर थांबला. पंगतीतली माणसं दिसत होती, ऐकू जात नव्हतं, एवढ्या अंतरावर.

“तुमी कोन?” त्यानं विचारलं.

“आदी तुमी सांगा.”

त्यानं मांडवाकडे एक नजर टाकली. मग सांगू लागला, तसं सांगतच गेला. भिवंडीत एका मागवाल्याकडे तो कामाला होता. काम एकच: कुठंही नवा काठ, नवी वेलबुट्टी दिसली की बघून यायची. लग्नात, जत्रेत, एस्टी स्टँडवर. कागदावर काढायची सोय नाही, लोक संशय घेतात. डोक्यात धरून आणायची आणि शेठला धागा न् धागा सांगायची. “काठ बघतो, बाई बघत न्हाय,” तो घाईनं म्हणाला. “शप्पत.”

“आन सीआयडी?”

“त्ये मी न्हाय केलं. एकदा रेशनच्या दुकानात गोनपाटाची वीण भिंगातनं बघत व्हतो. नुसती हौस. दुकानदारानं बघितलं. त्या दिवसापास्नं माप शिगोशीग भरून देतो.”

तुळजाला ठकूबाईची ताकीद आठवली, पण हसू फुटलंच. तोही हसला. मग त्याचं हसू विझलं.

“आदी बरं वाटलं. गाव मान द्याया लागलं. पन आता आय बी मानच देते. वाडते आन बाजूला उभी ऱ्हाते, सायबाला वाडल्यागत. दारात कोन आलं की सांगते, हळू बोल, केसरी घरात हाय. मागं तिच्या पायात काटा मोडला, आठ दिस लंगडली, मला सांगितलं न्हाय. म्हनाली, तुजी मोठी मोठी कामं.”

तुळजाच्या हातातला तांब्या भरून वाहू लागला होता. एवढ्या पुस्तकांत तिला त्या हेराची आई कधी भेटली नव्हती. बंद दारं, दुसरी नावं, परके देश, सगळं होतं. लंगडत वाढणारी, खालच्या आवाजात बोलणारी आई कुठल्याच पानावर नव्हती. आणि तिच्या जागी आपण उभ्या राहिलो असतो, हे तिला त्या वाहत्या पाण्याइतकं स्वच्छ दिसलं.

“मी अंजूरच्या दामूची तुळजा,” ती म्हणाली.

तो हंड्याला धडकायचाच राहिला. “रविवारची?”

“हां, रविवारची. तुमाला बघाया आलेले.”

“मंग… बघितलंत?”

“आर्धं.” तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. “हे पातळ माज्या मैतरनीचं हाय. तिच्या अब्बाचा काठ. बाजारात न्हाय आलेला अजून. माज्यावर भरवसा ठेवून दिलाय तिनं.”

केसरीनाथ पदरावरच्या मासोळ्यांकडे बघत म्हणाला, “डोळ्यात गेलेलं परत कसं देऊ? मासोळी वळते कशी, त्ये कळलंय मला. आता न्हाय कळलं असं न्हाय व्हायचं.”

“त्ये तुमचं तुमी बघा,” तुळजा म्हणाली. “पन ज्याच्या घरात हळू बोलावं लागतं, त्या घरात मी येनार न्हाय. आदी आयला सांगा. मंग या.”

आणि तांब्या घेऊन ती पंगतीत पाणी वाढायला गेली.

शुक्रवारी तिनं पातळ परत दिलं आणि माजिदाला सगळं सांगितलं. माजिदा आधी रडवेली झाली, मग भडकली. “त्या मेल्याच्या मागावर मासोळी दिसली तर मी तुज्या लग्नात येऊन बोंब मारीन.”

“मार,” तुळजा म्हणाली. “लगीन झालं तर.”

रविवारी वडप्याची माणसं आली. ओटीवर घोंगडी अंथरली, पानाचं तबक मध्ये आलं. दामू इतका जपून बोलत होता की नुसता हवापाण्यावरच बोलत होता, आणि तेही हवेला नावं न ठेवता. केसरीनाथ खाली मान घालून बसला होता. मामा खाकरत होते. पाहुण्यांबरोबर हौसाबाईही आली होती, आणि ती सरळ स्वयंपाकघरात, चुलीपाशी बसलेल्या तुळजाकडे गेली.

“बाय,” ती कानाशी लागून म्हणाली, “तुला फसवून न्हेयाची न्हाय मला. माजा लेक सीआयडी न्हाय.”

तुळजाच्या हातातली उलथणी थांबली.

“गुरवारी हळदीवरनं घरी आलो तवाच सांगितलं त्यानं. बायकांचं काठ बघत हिंडतो म्हनं, शेठासाठी. मी आदी त्याला लाटनं फेकून मारलं. येवडी वरसं मी घरात पाय वाजवला न्हाय, का तर सायेब इचार करतोय! मंग रडले. मंग रातचं दोगं बसून जेवलो, एका ताटात. किती दिसांनी गो.” हौसाबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि काळजीनं तुळजाकडे पाहिलं. “तुमाला सीआयडी जावय पायजे आसंल. न्हाय म्हनलीस तरी माजा राग न्हाय. पन पोरगा खोटा न्हाय. म्हंजे… आता न्हाय.”

“आन शेठला काय सांगितलं त्यांनी?” तुळजानं विचारलं. तिचा आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला. “वडप्याच्या हळदीचं?”

“त्येबी सांगितलं मला. शेठनं इचारलं, लग्नात काय नवं गावलं? तर ह्यो म्हनाला, काय न्हाय. त्या मांडवात बगन्यासारकं कायबी नव्हतं.”

तुळजाच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याच दमात तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

“असं म्हनाले? बगन्यासारकं कायबी नव्हतं?”

“व्हय. का गो?”

ओटीवरून दामूची हाक आली. “तुळजे, काय सांगू पावन्यांना?”

ती उठली. दाराच्या चौकटीशी उभी राहिली. केसरीनाथनं मान वर केली. आज तिच्या अंगावर साधं लुगडं होतं, काठच नाही म्हणावा असं. तरी तो बघत राहिला, तोंडाकडे, भिंगाशिवाय.

“फोडा सुपारी, बाबा,” तुळजा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. “आन पावन्यांना सांगा, अंजूरलाबी बगन्यासारकं कायबी न्हाय. तरी आयुष्यभर बगाया लागंल.”

ओटीवर कुणाला काही कळलं नाही. एक जण मात्र कानापर्यंत लाल झाला, आणि आत चुलीपाशी हौसाबाई मोठ्यानं हसली, इतक्या मोठ्यानं की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.